वृक्कनलिकाजन्य आम्लता (आरटीए) : कारणे

शरीरात तयार होणारे आम्ल लघवीवाटे टाकणे किंवा बायकार्बोनेट राखून ठेवणे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांना जमेनासे झाले की होणारा विकार. गाळणीचे काम बहुधा शाबूत असते. क्रिएटिनिन ठीक येते आणि निदान लांबते.

दूरस्थ (पहिला) प्रकार : नलिकेच्या शेवटच्या भागातून आम्ल बाहेर पडत नाही, रक्त आम्लधर्मी असूनही लघवीचा पीएच ५.५ च्या वरच राहतो. लहान मुलांत कारण बहुतेकदा जनुकीय असते. परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या ठिकाणी मुडदुसाचे मूल येते तेव्हा ही शंका घ्यायलाच हवी : वाढ खुंटलेली, सारखे पाणी मागणे, वाकलेले पाय, आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे डोस देऊनही फरक नाही. एटीपी६व्ही१बी१ जनुकात दोष असेल तर बहिरेपणही येते, कारण आम्ल ढकलणारा तोच पंप अंतर्कर्णातही असतो. अशा मुलाची श्रवणचाचणी चुकवू नये. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून आते-मामे भावंडांत लग्ने होणाऱ्या घरांत धोका वाढतो. मोठ्यांत, विशेषतः स्त्रियांत, शोग्रेन विकार हे महत्त्वाचे कारण. पोटॅशियम इतके उतरते की सकाळी उठताना हातपाय उचलत नाहीत. डोळे-तोंड कोरडे पडल्याची तक्रार कधी कधी नंतर येते. ल्युपस आणि ॲम्फोटेरिसिन-बी हीसुद्धा कारणे.

समीपस्थ (दुसरा) प्रकार : सुरुवातीच्या भागात बायकार्बोनेट परत शोषले जात नाही. सोबत फॉस्फेट, ग्लुकोजही वाहून गेल्यास तो फॅन्कोनी विकार. सिस्टिनोसिस, विल्सन विकार, उतारवयात मायलोमा; औषधांत हाडांच्या कर्करोगावरचे आयफॉस्फामाइड व एचआयव्हीवरचे टेनोफोव्हिर. रक्तातली साखर ठीक आणि लघवीत मात्र साखर, ही यातली मोठी खूण.

चौथा प्रकार : प्रौढांत सर्वाधिक आढळणारा. अल्डोस्टेरॉन कमी पडते, पोटॅशियम उलट वाढते. मधुमेह हे प्रमुख कारण. स्पायरोनोलॅक्टोन, ट्रायमेथोप्रिम आणि रक्तदाबावरच्या एनालाप्रिलसारख्या गोळ्या त्यात भर घालतात.

जुलाबांतही रक्ताचा अहवाल असाच आम्लतेचा येतो. तेव्हा लघवीतल्या सोडियम-पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोराइड वजा करावे : जुलाबांत उत्तर सहसा ऋण येते, दूरस्थ आरटीएत धन.