घागरीतला जिताडा

आमच्या आज्याला जिताडा माशाची पिल्लं तळ्यात सोडायला अख्खा दिवस लागे. पावसाळ्यात उधाणाच्या पाण्याबरोबर बोटाएवढी पिल्लं खाडीच्या काठाशी येत. ती धरून आजा खाडीच्याच मचूळ पाण्याच्या घागरीत ठेवी. मग थोड्या थोड्या वेळाने तांब्याभर पाणी काढायचं आणि तांब्याभर तळ्याचं ओतायचं. मी घाई केली की म्हणे, "एकदम गोड्या पान्यात टाकलास त मरंल. आधी वलख होऊ दे." दिवेलागणीला घागर तळ्यात आडवी केली की पिल्लं आपणहून बाहेर पडत.

हा अलिबाग-पेणकडचा खारेपाट. इथली भातजमीन खाडीला बांध घालून मिळवलेली. ज्याने बांध घातला तो शिलोत्रीदार. बांधाच्या डागडुजीपोटी तो कुळाकडून जादा भात घेई. बांधात उघडी असते. ओहोटीला तिची लाकडी झडप उघडून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला मिटून खारं पाणी अडतं. मीठ बाहेर ठेवायचं, गोडं पाणी आत राखायचं, एवढ्यावर सगळी शेती उभी.

जिताड्याच्या अंगातही हाच कारभार चालतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ. माशाच्या रक्तातला खारेपणा त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचंच पाणी पितो, मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि लघवी बेतानेच करतो. गोड्या पाण्यात सगळं उलटं. पाणी आपसूक आत शिरतं. ते भरपूर पातळ लघवीतून काढायचं आणि कल्ल्यांनी पाण्यातलं असेल नसेल ते मीठ वेचून घ्यायचं. कल्ल्यांच्या पेशींना ही उलटापालट करायला वेळ लागतो. आजा तांब्या-तांब्याने तोच वेळ देत होता.

शास्त्राला हे उमगलं ते 1930 च्या आसपास. सागरी मासे पाणी पितात, पण ते मीठ मूत्रपिंडातून पुरेसं बाहेर पडत नाही, हे 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या होमर स्मिथ यांनी मांडलं. 1932 मध्ये केंब्रिजला कीज आणि विल्मर यांनी वाम माशाच्या कल्ल्यांत मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी दाखवल्या. पुढच्याच वर्षी इकडे नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली चरी गावच्या कुळांनी जमीनदार खोतांविरुद्ध संप पुकारला. तो 1939 पर्यंत चालला आणि शेतं पडीक राहिली. आजा तेव्हा पोरगेला होता. त्या वर्षांबद्दल विचारलं की तो भाषणांचं काही सांगत नसे. घरात भात नव्हतं आणि तळ्यातला जिताडा कुणी विकला नाही, खाल्ला, एवढंच सांगे.

तळ्यात जिताडा हातभर वाढतो, पण त्याची वीण होत नाही. अंड्यांना खारं पाणीच लागतं. आधी तो नर असतो, काही वर्षांनी मादी होतो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे जातो. म्हणून दर पावसाळ्यात नवी पिल्लं खाडीकडूनच आणावी लागत. ज्या पाण्याला बांध घालून अडवायचं, त्याच्याच दारात माशासाठी घागर घेऊन उभं राहायचं.

1948 च्या खार जमीन कायद्यानंतर बांधांच्या कामात सरकार उतरलं. तरी उधाण बांध फोडतंच. मी शाळेत असताना एका श्रावणात आमच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतावरून तळ्यात उतरलं. चार दिवसांत भात पिवळं पडलं, तळ्यातले रोहू पोट वर करून तरंगले. जिताडे मात्र खाली फिरत होते, आणि त्यांच्या सोबतीला कुणी न सोडलेली बोटाएवढी पिल्लं. त्या वर्षी आज्याला घागर काढावी लागली नाही.