उघड्या दाराचे महाविद्यालय

कॉलेज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शहर उभे राहते. तिथे खोली पाहायची, खाणावळ लावायची, फी भरायची. पोराला कॉलेजात घालायचं तर घरची म्हैस विकावी लागते, हा हिशेब खेड्यातल्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मजुराच्या आणि शेतकऱ्याच्या घरातही थोडाफार असाच हिशेब चाले. त्यावर त्या देशाने जो तोड काढला, त्याचे नाव कम्युनिटी कॉलेज. आपल्या भाषेत सांगायचे तर पंचक्रोशीचे कॉलेज.

या संस्थेचा उगम इलिनॉय राज्यातल्या जोलिएट या गावी झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे म्हणणे असे की, पदवीची पहिली दोन वर्षे विद्यापीठाच्या बाहेरही शिकवता येतील. विद्यापीठाने वरच्या अभ्यासाकडे आणि संशोधनाकडे लक्ष द्यावे. जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांना ही कल्पना पटली. गावातल्या मुलांना घर न सोडता पुढे शिकता यावे, ही त्यांची तळमळ होती. १९०१ साली हायस्कूलच्याच इमारतीत वर्ग सुरू झाला. विद्यार्थी किती? अवघे सहा! आज त्या देशात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत.

पुढे १९०७ साली कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून हायस्कुलांना पुढचे वर्ग काढण्याची मुभा दिली. पण खरी भरती आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा १९४४ साली झाला आणि वीस लाखांहून अधिक माजी सैनिक कॉलेजांत दाखल झाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने आपला अहवाल दिला. परिस्थिती बेताची, वर्ण निराळा किंवा गाव दूर, एवढ्याने कुणाचे शिक्षण अडू नये. यासाठी जागोजागी कम्युनिटी कॉलेजे निघावीत, असे त्यात सुचविले होते. १९६० साली कॅलिफोर्नियाने तर वाटणीच करून टाकली. गुणांनी वरचा आठवा हिस्सा राज्य विद्यापीठात, वरचा तिसरा हिस्सा राज्य कॉलेजांत, आणि ज्युनिअर कॉलेजचे दार मात्र सर्वांना खुले. तिथे दोन वर्षे नेटाने शिकलेल्याला पुढे विद्यापीठात जाण्याची वाटही ठेवली.

आता या दारातून आत शिरायचे कसे, ते पाहू. नियम राज्याराज्यांत थोडे वेगळे असतात, पण रीत बहुतेक सारखी. हायस्कूल पुरे केलेल्याने अर्ज करायचा. टक्केवारीची चाळणी सहसा नाही. त्यानंतर रहिवासाचा पुरावा द्यायचा. कारण कॉलेज चालते ते बऱ्याच अंशी स्थानिक आणि राज्याच्या करांवर. तिथल्या रहिवाशाला फी कमी, बाहेरच्याला जास्त. मग सल्लागारापुढे बसून विषय ठरवायचे. प्रत्येक विषयाला ‘क्रेडिट’ म्हणजे श्रेयांक असतात. बहुधा साठ श्रेयांक झाले की दोन वर्षांची पदवी मिळते. दिवसा कारखान्यात काम करून संध्याकाळी एकच विषय घेणाराही तिथे विद्यार्थीच. एका बाकावर अठरा वर्षांचा पोरगा आणि शेजारी दोन मुलांची आई, हे दृश्य तिथे नवे नाही.

दार उघडले, पण आत आलेल्याला मान किती? याचा निकाल न्यायालयात लागला. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरी १९६० च्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एक तुकडी कोर्टाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात जाऊन बसली. तिथे फक्त गोऱ्यांना वाढले जाई. या ‘अपराधा’साठी अलाबामा स्टेट कॉलेजातून नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. ना आरोप सांगितला, ना बाजू ऐकून घेतली. विद्यार्थी कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, पण १९६१ साली वरच्या कोर्टाने सांगितले की, सरकारी कॉलेजाने विद्यार्थ्याला काढण्यापूर्वी त्याला आरोप कळविला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. हे कम्युनिटी कॉलेज नव्हते. परंतु हा दंडक पुढे देशभरच्या सरकारी कॉलेजांना लागू झाला. तोवर कॉलेज म्हणजे आईबाप, ते मारतील किंवा तारतील, अशी समजूत होती. ती तिथून ढासळली.

त्यामागून कायदे आले. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने स्त्री म्हणून कुणाला डावलू नये, हा १९७२ चा. अपंग म्हणून डावलू नये, हा १९७३ चा. १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची नोंद पाहण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्ती मागण्याचा हक्क मिळाला. त्याच्या संमतीवाचून ती नोंद सामान्यतः दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही. कॉलेजात पाऊल टाकले की हा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो. ‘पोराचे मार्क किती?’ असे विचारायला आलेल्या बापालाही कचेरी आधी पोराची संमती विचारते. आपल्याला हे जरा चमत्कारिकच वाटेल!

पण हक्काबरोबर जबाबदारीही त्याच्याच खांद्यावर येते. विषय सोडायचा असेल तर ठरल्या तारखेच्या आत कचेरीत कळवून नाव काढून घ्यावे लागते. नुसते वर्गात जाणे बंद केले तर बऱ्याच ठिकाणी नाव तसेच राहते आणि शेवटी नापासाचा शेरा बसतो. सरकारी मदत घेणाऱ्याने ठरावीक प्रगती दाखवली नाही, तर ती मदत थांबते. कधी मिळालेल्या पैशातला काही भाग परतही करावा लागतो. गुणांबद्दल तक्रार असेल तर आधी शिक्षकाकडे, मग विभागप्रमुखाकडे, अशी पायरीपायरीने आणि मुदतीत करायची. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेले नाही, तो नेमका इथेच ठेचकाळतो. बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर तारीख ठाऊक नसते म्हणून.

आणि म्हणून या उघड्या दाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आत येतात पुष्कळ, पण चार वर्षांच्या पदवीची आशा धरून आलेल्यांपैकी बहुतेकांना ती पदवी मिळत नाही. कुणाला नोकरी ओढून नेते. कुणाचे श्रेयांक विद्यापीठ मानत नाही. कित्येकांना प्रवेश-चाचणीनंतर गणित-इंग्रजीच्या तयारीच्या वर्गात बसवत. त्यात वेळ आणि पैसा जाई, पदवीच्या दिशेने पाऊल मात्र पडत नसे. कॅलिफोर्नियाने २०१७ साली कायदा करून हायस्कुलातले गुण पाहावेत आणि शक्य तो विद्यार्थ्याला सरळ मुख्य वर्गात बसवावे असे ठरविले, ते या अनुभवावरूनच.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले. तिथे ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरिबाची मुले हाताला घट्टे पाडून शिकली. कम्युनिटी कॉलेज या नावानेही आपल्या देशात १९९५ साली पाँडिचेरीत प्रयोग झाला, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही त्यासाठी योजना आखली.

शिक्षकबंधुभगिनींनो, या इतिहासातून आपल्याला घेण्याजोगे एक साधे काम आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेजला निघाली की दाखल्यावर सही करून आपण मोकळे होतो. त्याऐवजी एक संध्याकाळ तिच्याबरोबर बसून प्रवेशाचे माहितीपत्रक वाचावे. फी परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे द्यायचा, हजेरी किती लागते, अन्याय झाला तर कुणाकडे जायचे, या चार गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढून द्यावी. दार उघडण्याचे काम सरकारचे आणि संस्थांचे खरे. पण उंबऱ्यात अडखळणाऱ्याला हात देण्याचे काम गावातल्या शाळेलाच करावे लागेल.