विहीर बांधविणारी व पाणी वाहणारी

लढाया, तह, वतनांचे तंटे व घराण्यांच्या वंशावळी यांविषयींचे कागद आमच्या वाचकांनीं मोठ्या कष्टानें जमविले आहेत. परंतु ज्या पाण्यावर, ज्या बैलांच्या बळावर व ज्या धान्यावर हा सर्व व्यवहार उभा होता, त्यांची व्यवस्था कोणाच्या हातीं होती, हा प्रश्न त्या कागदांस क्वचितच विचारला जातो. त्यांतही स्त्रियांचा वांटा कोणता, याची चौकशी त्याहून विरळ. प्रस्तुत लेखांत एका विहिरीच्या आधारें या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साताऱ्याच्या उत्तरेस सुमारें दहा मैलांवर लिंब हें गांव आहे. तेथील बारा मोटांची विहीर प्रसिद्धच आहे. विहिरीवरील शिलालेखांत ती विरुबाईनें बांधविल्याचें नमूद असून, काम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या अवधींत झालें. मुख्य विहीर अष्टकोनी, तिला जोडून लहान चौकोनी भाग, दोहोंच्या मध्यें वर महाल व खालीं उतरावयास प्रशस्त पायऱ्या, अशी तिची रचना आहे. आसपासच्या आमराईस पाणी पुरविण्यासाठीं ती बांधिली, अशी परंपरा आहे.

विरुबाई ही शाहू महाराजांची विवाहित राणी नव्हे. तथापि महाराजांच्या घरच्या कारभारांत तिचा शब्द चालत असे. अक्कलकोटचे संस्थापक फत्तेसिंह भोसले यांस लहानपणीं महाराजांनीं आपल्याजवळ घेतलें, तेव्हां त्यांचें संगोपन तिनेंच केलें. ती १७४० मध्यें वारली. अशा स्त्रीचें नांव दगडावर कोरलें जावें व तें तीन शतकें टिकावें, ही गोष्ट सामान्य नव्हे. ती कशी घडली, हें पाहण्यासाठीं गुजराथेंतील एका वावेकडे वळणें उपयुक्त होईल.

अहमदाबादेजवळ असारवा येथें बाई हरीर हिनें इ. स. १४९९ च्या सुमारास पायऱ्यांची वाव बांधविली. तिच्या भिंतींत संस्कृत व अरबी असे दोन लेख आहेत. त्यावेळीं महमूद बेगडा हा सुलतान होता, व बाई हरीर ही त्याच्या अंतःपुराची व्यवस्था पाहणारी अधिकारीण होती. वावेस ३,२९,००० महमुदी खर्च आल्याचा उल्लेख लेखांत आहे. त्याच सुमारास अडालज येथील वाव रुडाबाईनें पुरी केली. ती तर सरदारघराण्यांतील राणी. पाटणची प्रख्यात वाव भीमदेव सोळंकीची राणी उदयमती हिच्या नांवानें ओळखली जाते. राणी असो वा नसो, या स्त्रियांत एक गोष्ट समान दिसते: त्यांच्या हातीं स्वतंत्रपणें खर्च करतां येईल असा पैसा होता.

होळकरांच्या इतिहासांत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १७३४ मध्यें मल्हारराव होळकर यांची पत्नी गौतमाबाई हिच्या नांवें खासगीची जहागीर लावून देण्यांत आली. दौलतीचा पैसा निराळा व खासगीचा निराळा, अशी विभागणी त्यामुळें झाली. पुढें अहिल्याबाईंनीं १७६७ ते १७९५ पर्यंत महेश्वराहून कारभार केला, त्या काळांतील घाट, विहिरी, कुंडें व धर्मशाळा यांमागें या खासगीचें बळ होतें. अहिल्याबाईंची धर्मबुद्धि आपण नेहमीं वर्णितों, व तें योग्यच आहे. पण केवळ धर्मबुद्धीनें विहिरीस पाणी लागत नाहीं. त्यास उत्पन्न लागतें, आणि त्या उत्पन्नावर स्वतःचा हक्क लागतो. तो हक्क जेथें होता, तेथें स्त्रियांनीं पाणी निर्माण केलें, हा या उदाहरणांतून निघणारा पहिला सिद्धांत.

आतां विहिरीच्या कांठावरून खालीं शेतांत उतरूं. बारा मोटा चालावयाच्या म्हणजे प्रत्येक मोटेस एक जोडी धरली तरी चोवीस बैल पाहिजेत. बैल धांवेवरून उतरत, नाडा ताणला जाई, मोट वर येऊन थारोळ्यांत रिती होई, व तेथून पाणी पाटानें वाफ्यावाफ्यांत जाई. या बैलांचें बळ येतें कोठून? कडब्यांतून व गवतांतून. म्हणजे पाणी चाऱ्यास, चारा बैलास व बैल पाण्यास, असें हें चक्र आहे. बैलाच्या शेणाचाही हिशेब यांतच बसतो. तें शेतांत गेलें तर खत, आणि थापून वाळविलें तर गोवरी, म्हणजे चुलीचें जळण. सरपण दुर्मिळ झालें कीं शेण चुलीकडे वळतें व शेत उपाशी राहतें. पाणी, शक्ति व अन्न हीं तीन निराळीं प्रकरणें नव्हेत, हें आमच्या कुणबिणीस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

या चक्रांत मोट हांकणारा बहुधा पुरुष. पण दारें धरणारी पुष्कळदां घरची स्त्री. शेण थापणारी तीच, सरपण आणणारी तीच, पहांटे जातें ओढणारी तीच, आणि पिण्याचें पाणी डोक्यावरून वाहणारीही तीच. सरकारी दप्तरांत मोटस्थळ व पाटस्थळ अशी जमिनीची प्रतवारी आढळते व त्याप्रमाणें सारा ठरतो. मोटेची किंमत अशी साऱ्यांत येते; जात्याची, गोवरीची व घागरीची येत नाहीं. ज्या श्रमावर कर नाहीं, त्याची नोंद नाहीं, आणि ज्याची नोंद नाहीं, त्यास इतिहास नाहीं, असा क्रम यांतून पडला.

ही उणीव भरून काढणारें साधन सुदैवानें अगदींच नष्ट झालेलें नाहीं. तें कागदावर नसून कंठांत होतें. साने गुरुजींनीं बायकांच्या ओव्या जमविल्या. पुढें गी प्वातव्हां व हेमा राईरकर यांनीं खेडोपाडीं हिंडून एक लक्षाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला. दळण, पाणी, माहेर, सासर व शेत यांविषयीं दळणारणीनें स्वतः काय म्हटलें, हें त्यांत सांपडतें. बखरीस जो मान आम्हीं देतों, तो या संग्रहास देण्यास हरकत नसावी.

पाण्याचा हक्क केवळ स्त्रीपुरुषभेदानेंच अडला असें नव्हे. पाणवठ्यावर येण्यास मज्जाव असलेल्या जातींतील स्त्रीस, दुसऱ्यानें वरून घागरींत ओतेपर्यंत तिष्ठत राहावें लागे. जोतीराव फुले यांनीं १८६८ मध्यें आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन करण्यांत आलें. विहीर कोणी बांधविली, याइतकाच तिच्यावर कोण चढूं शकतें, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे, हें या दोन प्रसंगांनीं ठरविलें.

अर्वाचीन काळांत याच प्रश्नानें दुसरें रूप घेतलें. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथें पाण्याचा वांटा जमिनीच्या प्रमाणांत न ठरवितां घरांतील माणसांच्या संख्येवर ठरविला, भूमिहीनांसही हक्क दिला, व उंसास मनाई केली. पाणी जमिनीपासून सोडवून माणसाशीं बांधण्याची ही कल्पना आमच्या मतें फार मोलाची होय. कारण माणसें मोजूं लागलें म्हणजे स्त्रीही मोजली जाते. उलट, २००५ च्या महाराष्ट्राच्या सिंचन कायद्यानें पाणी वापर संस्थांच्या समितींत स्त्रियांस जागा राखिल्या खऱ्या, पण सभासदत्व जमीनधारकाकडेच राहिलें. ज्या घरीं सातबाऱ्यावर स्त्रीचें नांव नाहीं, तेथील स्त्री पाणी वाहील, दारें धरील, पण पाळी ठरवितांना तिचें मत मोजलें जाणार नाहीं. महाराष्ट्रानें १९९४ मध्यें व सर्व देशानें २००५ मध्यें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाबरोबरीचा हक्क दिला. त्याची नोंद उताऱ्यावर जितकी उमटेल, तितकीच पाण्यावरील तिची सत्ता वाढेल. पाणी जमिनीमागें जातें, जमीन नांवामागें जाते. गौतमाबाईच्या खासगीपासून आजच्या उताऱ्यापर्यंत सूत्र एकच आहे.

यास्तव आमची संग्राहकांस विनंति अशी कीं, दप्तरें चाळतांना पाटाच्या पाळ्या, विहिरींतील हिस्से, मोटेचे करार, खासगीचे जमाखर्च व विधवा वतनदारणींचे अर्ज यांस किरकोळ समजून बाजूस टाकूं नये. विहिरीवरील लेखाचा ठसा घेतांना बांधविणारीच्या नांवाबरोबर पाण्याच्या वांटणीचा एखादा शब्द असेल तर तोही टिपून घ्यावा. गांवांत जात्यावरची ओवी म्हणणारी वृद्धा असेल तर तिच्याकडे आधीं जावें. कागद आणखी दहा वर्षें थांबेल, ती थांबेलच असें नाहीं. विरुबाईचें नांव दगडानें राखिलें. तिच्या विहिरीच्या पाण्याचें ज्यांनीं दारें धरलें, त्यांचा हिशेब राखणें हें आतां आपल्याकडे आलें आहे.