देहेडचा डॉक्टर, लाल विंचू आणि अधिवृक्क ग्रंथी

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात देहेड हे गाव आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांचा जन्म तिथे १९५१ साली झाला, तेव्हा ते गाव हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. नागपूरला वैद्यकीय पदवी घेऊन १९७६ मध्ये बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. हा तालुका ज्या जिल्ह्यात आहे, त्या आजच्या रायगडचे नाव तेव्हा कुलाबा होते. भातशेतीत, गवताच्या भाऱ्यात, कौलांखाली राहणारा लाल विंचू तिथे माणसे मारत होता.

माणूस नेमका कशाने मरतो, याची एक खूण आधीच छापली गेली होती. १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पी. एम. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते, अशी नोंद केली होती. पण पाणी भरण्याआधी रुग्णात काय दिसते, हे सांगणारा लेख १९८२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यावर एकट्या बावस्करांचे नाव आहे. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि पुरुषांमध्ये न ओसरणारा लिंगताठरपणा ही धोक्याची पूर्वचिन्हे आहेत, असे त्यांनी मांडले. खाटेशेजारी बसून रात्र काढल्याशिवाय असा क्रम हाती लागत नाही.

या चिन्हांचा धागा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची दारे उघडीच ठेवते. मग अनुकंपी मज्जातंतूंची टोके आणि अधिवृक्क ग्रंथींचा गाभा यांतून अॅड्रिनॅलीन व नॉरअॅड्रिनॅलीन यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसे भरतात. याच गाभ्यात फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ झाली, तरी हीच द्रव्ये अशीच उसळतात. गाठीच्या रोग्याला हा त्रास महिनोन्‌महिने होतो. विंचू चावलेल्या माणसाची धडधाकट ग्रंथी काही तासांपुरती तशी वागते. जीव घेण्यात विषाइतकाच वाटा शरीराने स्वतः सोडलेल्या स्रावाचा असतो.

निदान असे वळले, तसे औषधही वळले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध या स्रावाचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम रोखते. विंचूदंशातील त्याच्या वापराचा वृत्तान्त १९८६ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यावर दोन नावे आहेत: हिम्मतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर. त्यांच्या लेखनानुसार १९६१ ते १९८३ या काळात गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. १९८४ नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले. हा फरक प्रचंड आहे. तरी ही दोन कालखंडांची तुलना आहे, आणि रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचू लागणे, शुश्रूषा सुधारणे यांचाही वाटा तिच्यात असू शकतो, हे इतिहास लिहिताना विसरता येत नाही.

म्हणून २०११ चा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. महाडला ७० रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले गेले. एका गटाला फक्त प्राझोसिन दिले, दुसऱ्याला प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष. १० तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटातील ३५ पैकी ८ आणि दुसऱ्यातील ३५ पैकी ३२. प्रतिविष रक्तातले विष निकामी करते, तर प्राझोसिन आधीच सुटलेल्या स्रावाला अडवते. दोन्ही मिळून रुग्ण लवकर सावरतो. ज्या औषधाने नाव मिळवून दिले, ते एकटे अपुरे पडते असे दाखवणारे आकडे बावस्कर दांपत्याने स्वतःच छापले.

२०२२ साली हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. तो सन्मान योग्यच होता. पण त्यांच्या शास्त्रनिष्ठेचा खरा दाखला २०११ च्या त्या आकड्यांत आहे.