हातमोज्यावरील रडार

बेसबॉलमधील चेंडूफेकीचा वेग मोजण्यासाठी वाहतूक पोलिसांची रडारगन वापरण्याची कल्पना मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटवायलर यांनी १९७४ च्या सुमारास रुजविली. पुढे हे उपकरण झेल घेणाऱ्याच्या हातमोज्यावर बसविण्याइतके लहान झाले. त्यातून निघालेल्या लहरी चेंडूवर आदळून परततात. कंप्रतेतील फरकावरून, म्हणजेच डॉप्लर परिणामाने, वेग कळतो. चेंडू सरळ मोज्याकडेच येत असल्याने तिरकस कोनामुळे होणारी चूक जवळपास टळते. मात्र हा वेग झेलाच्या वेळचा असतो. १८.४४ मीटरच्या फेकीत हवेच्या रोधामुळे तो हातातून सुटतानाच्या वेगापेक्षा साधारणतः ८ ते १० टक्के कमी भरतो. दूरचित्रवाणीवर दिसणारा आकडा सुटतानाचा असतो. तो गाठण्याच्या नादात नवोदितांनी खांद्यावर अकारण ताण घेऊ नये.