मिठाचा कर आणि नामदार गोखले

कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेने निघालेली आगगाडी शहाडनंतर आंबिवलीच्या शिवारातून टिटवाळ्याकडे जाते. हा लोहमार्ग इ. स. १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीपर्यंत पोहोचला. ठाणे, भाईंदर, वसई या किनाऱ्यावरील मिठागरांत पिकलेले मीठ पूर्वी बैलांच्या पाठीवरून घाटावर जात असे. ते आता मालगाडीने नाशिक-खानदेशाकडे जाऊ लागले. ठाणे जिल्ह्यातील आगरी समाजाचे नावच मुळी या आगरांशी जडलेले आहे. परंतु ज्याच्या अंगणापलीकडे मीठ पिकत होते, त्या माणसासही ते फुकट उचलण्याची मुभा नव्हती. खाडीकाठच्या जमिनीवर आपोआप धरलेले मीठ खरवडून घरी नेणे हा सरकारी गुन्हा होता. मीठ घ्यावयाचे ते कर भरलेले घ्यावयाचे, असा कायदा होता.

हा कर किती होता? इ. स. १८८२ मध्ये तो मणास दोन रुपये करण्यात आला आणि १८८८ मध्ये पुन्हा वाढवून अडीच रुपये झाला. मणाचे शेर चाळीस आणि अडीच रुपयांचे आणेही चाळीस. म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा. मिठागरावर मीठ तयार करण्यास जो खर्च येई, त्याच्या अनेक पटींनी हा कर अधिक होता. शिवाय श्रीमंतास आणि भिकाऱ्यास मीठ जवळजवळ सारखेच लागते. किंबहुना ज्याच्या ताटात तूप नाही, दूध नाही, भाजी नाही, त्याच्या भाकरीस मिठाचाच आधार असतो. तेव्हा आंबिवलीच्या रानातील कातकरी आणि मुंबईचा सावकार हे दोघे या एका बाबतीत सरकारचे समान करदाते होते.

हा कर खाली आणण्यासाठी ज्यांनी सरकारचेच आकडे हाती घेऊन सरकारशी वाद घातला, ते अर्थशास्त्री म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. देशभक्त म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे; महात्मा गांधींनी त्यांस आपले राजकीय गुरू मानले, हेही सर्वश्रुत आहे. तथापि त्यांचे खरे शस्त्र अंकगणित हे होते, आणि ते त्यांनी कसे चालविले याची हकीकत फारशी सांगितली जात नाही.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातून आठ रुपये ते धाकट्या भावास शिक्षणाकरिता पाठवीत. पैसा कोठून येतो आणि तो वाचविण्यास घरच्या माणसास काय सोसावे लागते, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा त्यांस घरातच मिळाला. १८८४ साली ते बी. ए. झाले आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक तर शाळाशाळांतून चालले.

कॉलेजाबाहेर त्यांचे खरे विद्यालय म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे घर होय. रानड्यांच्या देखरेखीखाली ते सरकारी अहवाल व हिशेबाची बुके वाचीत, त्यांवरून टिपणे करीत आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लेख लिहीत. एखादा शब्द सैल पडला तरी रानडे तो परत लिहावयास लावीत.

याच पुण्याच्या मंडळात आणखी एक गृहस्थ होते, त्यांचे नाव गणेश व्यंकटेश जोशी. ते सरकारी शाळेतील शिक्षक व पुढे हेडमास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचे लेख बहुधा नावावाचून छापले जात. शेतसारा, दुष्काळ, लष्करी खर्च, हुंडणावळ यांवरील आकडे त्यांच्या जिभेवर असत. गोखल्यांनी कौन्सिलात जी अंदाजपत्रकावरील भाषणे केली, त्यांची तयारी करताना ते जोशी यांस पत्रे लिहून टिपणे मागवीत. पहिल्या भाषणाचे श्रेय पुष्कळसे जोशी यांचेच आहे, हे खुद्द गोखल्यांनी त्यांस कळविले होते. हिंदुस्थानच्या राजधानीत गाजलेल्या भाषणांची बरीचशी सामग्री अशा रीतीने एका शाळामास्तराच्या मेजावर तयार झाली.

गोखल्यांची पहिली मोठी कसोटी १८९७ साली लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले. तेथे त्यांनी प्रश्नांच्या भडिमारास अशी नेमकी उत्तरे दिली की, या तरुण प्राध्यापकाची सर्वत्र वाहवा झाली. परंतु त्याच मुक्कामात एक अनर्थ घडला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी घरून आलेल्या पत्रांच्या आधाराने त्यांनी विलायतेच्या वर्तमानपत्रात काही विधाने केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा तो देणे त्यांस शक्य झाले नाही. लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे म्हणजे त्यांस संकटात लोटणे होते. अखेर गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि कित्येक महिने त्यांस तोंड दाखविणे कठीण झाले. सार्वजनिक आयुष्य येथेच संपले असते तर नवल नव्हते. मात्र यापुढे सरकारच्या स्वतःच्या दप्तरात सापडणार नाही असा एकही आधार ते आपल्या भाषणात घेईनासे झाले.

१९०२ साली गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले. या कौन्सिलचे स्वरूप आजच्या वाचकास विचित्र वाटेल. सभासदांनी अंदाजपत्रकावर भाषण करावयाचे, परंतु मत द्यावयाचे नाही! एक पैदेखील कमी-अधिक करण्याचा अधिकार कोणास नव्हता. अंदाजपत्रक छापून हाती आल्यावर थोड्याच दिवसांत चर्चा होई. बहुतेक सभासद अर्थसचिवांचे अभिनंदन करून खाली बसत.

२६ मार्च १९०२ रोजी अर्थसचिव सर एडवर्ड लॉ यांचे असेच अभिनंदन चालले होते. गतवर्षाच्या हिशेबात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक निघाली होती. गोखले उठले आणि या अभिनंदनात आपणास मनापासून सामील होता येत नाही, अशा अर्थाचे बोलून त्यांनी आरंभ केला. देश नुकताच दोन भयंकर दुष्काळांतून आणि प्लेगातून निघालेला. आणि अशा वेळी तिजोरीत कधी नव्हे इतकी शिल्लक पडते, हे चिन्ह भरभराटीचे की दुसऱ्या कशाचे, असा त्यांचा प्रश्न होता.

त्यांचा युक्तिवाद शाळेतील मुलासही समजेल असा आहे. हिंदुस्थान सरकारास दरसाल विलायतेस पेन्शने, कर्जाचे व्याज, रेल्वेचे व्याज इत्यादींसाठी पौंडांत रक्कम पाठवावी लागे. एका पौंडाचे पेन्स २४०. रुपया १६ पेन्सचा असेल तर एका पौंडास १५ रुपये पुरतात. पण रुपया घसरून १३ पेन्सचा झाला तर त्याच पौंडास सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागतात. १८९४-९५ च्या सुमारास रुपया असाच तेरा पेन्सपर्यंत घसरला होता. ही तूट भरून काढण्यासाठी व लष्कराचा वाढता खर्च भागविण्यासाठी १८८५ पासून एकामागून एक कर वाढविण्यात आले : १८८६ मध्ये प्राप्तीवरील कर, १८८८ मध्ये मिठावरील वाढ, १८९४ नंतर जकात आणि देशी गिरण्यांच्या कापडावरील कर. सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी पाडून देणे बंद केले होते आणि पुढे रुपया पुन्हा १६ पेन्सवर स्थिर झाला. म्हणजे विलायतेस पाठवावयाच्या रकमेत रुपयांची मोठी बचत होऊ लागली. परंतु ज्या अडचणीसाठी कर बसविले होते ती अडचण सरली, तरी कर मात्र तसेच राहिले. शिल्लक आली ती येथून! लोक श्रीमंत झाले म्हणून नव्हे, तर जरुरीपेक्षा अधिक घेतले जात होते म्हणून.

यावरून त्यांनी तीन मागण्या केल्या. मिठावरील कर कमी करावा; प्राप्तीवरील कर ५०० रुपयांच्या उत्पन्नापासून न घेता १,००० पासून घ्यावा; आणि लँकेशायरच्या हितासाठी देशी कापडावर बसविलेला साडेतीन टक्क्यांचा कर रद्द करावा. सभागृहात मत घेण्याचा प्रश्नच नव्हता. भाषण संपले, कौन्सिल उठले, अंदाजपत्रक होते तसेच राहिले.

परंतु पुढील वर्षी, म्हणजे मार्च १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तीवरील कराची मर्यादा १,००० रुपये झाली. १९०५ मध्ये मिठाचा कर दीड रुपया झाला आणि १९०७ मध्ये एक रुपया. पाच वर्षांत शेरामागील एक आण्याचा कर पाच पैपेक्षाही खाली आला. कर उतरला तसा मिठाचा खपही वाढला. पूर्वी लोक पोटापुरतेही मीठ विकत घेत नव्हते, हे त्यावरून उघड झाले.

याचे सर्व श्रेय एकट्या गोखल्यांस देणे इतिहासास धरून होणार नाही. तिजोरी भरलेली होती. शिवाय लॉर्ड कर्झन यांस १९०३ च्या दिल्ली दरबारातच करमाफी जाहीर करावयाची होती, पण विलायत सरकारने तेव्हा संमती दिली नाही. काँग्रेसही आरंभापासून मिठाच्या करावर ठराव करीत आली होती. तथापि शिल्लक म्हणजे सरकारची कर्तबगारी नसून रयतेची जादा दिलेली रक्कम आहे, ही गोष्ट सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध झाल्यावर ती नाकारणे कोणास शक्य राहिले नाही. कापडावरील कराच्या बाबतीत मात्र गोखल्यांस यश आले नाही. तेथे लँकेशायरचे हित आड आले आणि तो कर १९२५ पर्यंत टिकला.

गोखल्यांच्या अर्थशास्त्राची दुसरी बाजू याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण हळूहळू सक्तीचे करण्याचे विधेयक आणले. सरकारचा पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणेच होता : पैसा कोठून आणावयाचा? तेव्हा गोखल्यांनी जे उत्तर दिले त्याने त्यांचे मित्रही चकित झाले असतील. दुसरा मार्ग नसेल तर मिठावरील कर पुन्हा आठ आण्यांनी वाढवावा, अशी तयारी त्यांनी दाखविली! आपल्या देशबांधवांनी थोडे मीठ कमी खाल्ले तरी चालेल, परंतु त्यांची मुले अज्ञानात राहू नयेत, असा त्यांचा आशय होता.

ज्या कराविरुद्ध आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, तोच कर वाढविण्यास हा मनुष्य कसा तयार झाला? यात विसंगती पाहणारे पुष्कळ निघतील, आणि गरिबाच्या भाकरीवरच पुन्हा भार का, हा प्रश्नही रास्त आहे. परंतु १९०२ चे भाषण लक्षपूर्वक वाचले तर मूळ तत्त्व एकच असल्याचे दिसून येते. कर घेतला याबद्दल त्यांची तक्रार कधीच नव्हती. घेतलेल्या पैशाचा मोबदला देणाऱ्यास मिळत नाही, ही तक्रार होती. लष्करासाठी आणि शिलकेसाठी घेतलेला आणा त्यांस जुलूम वाटे. तोच आणा गावातील शाळेच्या रूपाने परत येणार असेल तर तो देण्यास ते रयतेस सांगू शकत होते.

१९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले वारले. त्यानंतर मिठाचा कर १९१६ मध्ये सव्वा रुपयावर गेला. १९२३ मध्ये तर विधिमंडळाचा विरोध डावलून व्हॉइसरॉयने तो पुन्हा अडीच रुपये केला. वर्षभरात तो खाली आणावा लागला, हे निराळे. कौन्सिलातील अंकगणितास मर्यादा आहेत, हे त्यावरून दिसून आले. १९३० साली गोखल्यांच्या शिष्याने दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले. कर अखेर १ एप्रिल १९४७ पासून उठला, आणि २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेतही मीठ करमुक्तच ठेवण्यात आले.

शाळेच्या बाबतीत मात्र देशास फार अधिक वाट पाहावी लागली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेल्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी. मिठाचा प्रश्न सुटण्यास, त्यांच्या पहिल्या भाषणापासून मोजले तर, पंचेचाळीस वर्षे लागली. शाळेच्या प्रश्नास त्याच्या दुपटीहून अधिक. आंबिवलीच्या रानातील कातकऱ्याने शेरामागे भरलेल्या त्या आण्याचा हिशेब गोखल्यांनी असाच मांडला असता : किती घेतले, आणि त्याच्या मुलास काय दिले.