शेवटचा अलार्म, ११:४४

इथल्या सगळ्या वेळा छत्रपती संभाजीनगरच्या घड्याळाच्या आहेत. घटना अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली, गुरुवार, १४ ऑगस्ट २००३ची. तिथे दुपार होती. दोन घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत रात्र होती आणि उजाडलं की झेंडावंदन.

रात्री ९:४५. इंडियाना राज्यातल्या कार्मेल इथे आसपासच्या ग्रिडवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेतला संगणक दर पाच मिनिटांनी एक गणित सोडवतो. ठिकठिकाणची मोजमापं घ्यायची आणि ग्रिडची खरी अवस्था काय ते काढायचं. गणित जुळत नाही. एक लाइन बंद झालेली आहे आणि संगणकाला ते कळलेलं नाही. चूक शोधण्यासाठी तिथला विश्लेषक दर पाच मिनिटांनी आपोआप होणारी मोजणी बंद करतो.

१०:३०. चूक सापडते, गणित सुटतं. मोजणी पुन्हा आपोआप चालू करायची राहते. विश्लेषक जेवायला जातो.

११:०१. इरी सरोवराच्या काठावरच्या, फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या ईस्टलेक केंद्रातला पाच नंबरचा ५९७ मेगावॉटचा संच ट्रिप होतो. उन्हाळ्याची दुपार, एसी चालू. तेवढी वीज आता लांबून, तारांवरून आणावी लागणार. यात अजून काळजीचं काही नाही. संच बंद पडतातच.

११:३२. शेजारच्या कंपनीची ३४५ किलोव्होल्टची स्टुअर्ट–अटलांटा लाइन झाडाला टेकून बंद पडते.

११:४४. फर्स्टएनर्जी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये शेवटचा अलार्म वाजतो. त्यानंतर अलार्म नाहीत.

या खोलीत जनरल इलेक्ट्रिकची एक्सए/२१ ही प्रणाली होती. आपल्याकडे कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमध्ये जे काम चालतं, त्याच जातीचं काम. हा एकच एक प्रोग्रॅम नव्हता. अनेक प्रोसेस शेजारी-शेजारी चालत आणि काही माहिती सामाईक ठेवत. एक कारकून नोंद करत असेल तर दुसऱ्याने थांबायचं, वही एकच, हा साधा नियम. त्या दुपारी दोन प्रोसेसना एकाच वेळी लिहायची परवानगी मिळाली. नोंद बिघडली. ती वाचायला गेलेली अलार्मची प्रोसेस गोल गोल फिरत राहिली. ती बंद पडली असती तर निदान कोणाच्या लक्षात आलं असतं. ती चालूच होती. नवे अलार्म तिच्या दाराशी रांग लावून उभे राहू लागले.

खोलीत शांतता. ऑपरेटरांनी शांततेचा अर्थ नेहमीसारखाच घेतला.

११:५७. स्टार–साउथ कँटन लाइन क्षणभर ट्रिप होते आणि पुन्हा जोडली जाते.

१२:०२. शेजारच्या एईपी कंपनीचा फोन: ही लाइन ट्रिप झाली होती का? फर्स्टएनर्जीच्या माणसाला तसा अलार्म आलेला नाही. एकाच लाइनच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गोष्टी दिसतायत. हा फोन मला या सगळ्या रात्रीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणीतरी बाहेरून येऊन सांगत होतं.

१२:१०. कार्मेलमध्ये लक्षात येतं की आपोआप मोजणी बंदच आहे. ती चालू करतात. गणित पुन्हा जुळत नाही, कारण स्टुअर्ट–अटलांटा बंद झाल्याचं संगणकाला माहीत नाही.

१२:११. फर्स्टएनर्जीत अलार्मचा मुख्य सर्व्हर साचलेल्या ओझ्याने कोसळतो. राखीव सर्व्हर सगळं काम आपल्याकडे घेतो. ठरल्याप्रमाणे सगळंच घेतो, अडकलेली अलार्म प्रोसेसही तशीच्या तशी. आयटीच्या माणसांना पेजरवर आपोआप निरोप जातो.

१२:२४. राखीव सर्व्हरही जातो. एरवी एक ते तीन सेकंदांत बदलणारा पडदा आता बदलायला ५९ सेकंदांपर्यंत घेतो.

१२:३५. चेंबरलिन–हार्डिंग, ३४५ किलोव्होल्ट, झाडाला लागून बंद. तारेवर क्षमतेच्या ४४ टक्केच भार होता. म्हणजे दोष भाराचा नव्हता, झाड वाढलेलं होतं. पावसाळ्याआधी महावितरणची माणसं फांद्या छाटायला येतात आणि तेवढा वेळ लाइट जाते म्हणून आपण कुरकुरतो, ते काम हेच. फर्स्टएनर्जीच्या खोलीत अलार्म नाही.

१२:३८. आयटी विभाग सर्व्हर पुन्हा सुरू करतो. सर्व्हर उठतात. आयटीच्या लेखी काम झालं. अलार्म वाजतोय का, हे ते ऑपरेटरांना विचारत नाहीत. त्याबद्दल ऑपरेटरांनीही त्यांना काही सांगितलेलं नाही.

१:०२. हॅना–जुनिपर. भार ८८ टक्के. भाराने तापलेली तार लोंबते आणि झाडाला टेकते. जवळच फांद्या छाटणारी टोळी काम करत असते, तिला हे डोळ्यांनी दिसतं. कंट्रोल रूमला दिसत नाही.

१:११. स्टार–साउथ कँटन. भार ९३ टक्के. हीही झाडाला. तिन्ही मोठ्या लाइन गेल्या, त्यांचा भार आता १३८ किलोव्होल्टच्या लहान लाइनवर आणि त्या एकेक करून सुटू लागतात.

१:१२. ऑपरेटर आयटीला पहिल्यांदा सांगतात की अलार्म चालत नाहीत. शेवटचा अलार्म वाजून ८८ मिनिटं झाली आहेत.

१:१६. सगळं बंद करून मुळापासून सुरू करावं का, यावर बोलणं होतं. नको, असं ठरतं. ग्रिडची अवस्था नाजूक आहे, तेवढा वेळ पडदेही जातील. त्या क्षणी हा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. मुळापासून सुरू करायचा निर्णय बारा वाजून दोन मिनिटांनी घ्यायला हवा होता.

१:३५:५७. सॅमिस–स्टार. या वेळी झाड नाही. भार इतका वाढलेला असतो की रिले लाइन तोडून टाकतो.

१:४०. आता माणसाच्या हातात काही उरत नाही. बंद पडण्याची लाट मिशिगनमध्ये, ओंटारिओत, न्यूयॉर्कमध्ये शिरते.

१:४३. आठ राज्यांत आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वीज गेलेली. सुमारे ५ कोटी माणसं, ६१,८०० मेगावॉट. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या आहेत तिथेच उभ्या. क्लीव्हलंडमध्ये पाण्याचे पंप बंद.

औरंगाबादेत अजून अंधारच होता, नेहमीचा.

पहिला संशय व्हायरसवर गेला. ब्लास्टर नावाचा वर्म तीनच दिवसांपूर्वी पसरला होता आणि वेळ जुळत होती. तो नव्हता. मग जनरल इलेक्ट्रिकचे प्रोग्रॅमर लाखो ओळींचा कोड घेऊन बसले.

चिकलठाणा-वाळूजच्या ऑफिसांत डेस्कटॉप ॲपवर काम करणाऱ्या पोरांना अनेक प्रोसेसच्या प्रोग्रॅमची ही जात ओळखीची असेल. ज्या व्हीएस कोडमध्ये ती बसलेली असतात तोच असा आहे: खिडकीची प्रोसेस वेगळी, एक्स्टेन्शनची वेगळी, सगळ्यांना सांभाळणारी मुख्य वेगळी. चूक शोधायला प्रत्येकीला डीबगर जोडावा लागतो. एकीत ब्रेकपॉइंट लावला की ती थांबते, बाकीच्या चालत राहतात, आणि दोघी एकमेकींवर आदळायचा क्षण टळतो. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. ब्रेकपॉइंट काढला की चूक हजर. मग माणूस थांबवणं सोडून नोंदी छापणं सुरू करतो, प्रत्येक ओळीपुढे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ.

इथेही दोष मिलिसेकंदांच्या फटीत होता. ही प्रणाली जगभर मिळून तीस लाखांहून अधिक तास चालली होती आणि तेवढ्या तासांत ती फट एकदाही उघडी पडली नव्हती. ती सापडायला सुमारे आठ आठवडे लागले. युक्ती उलटी होती. कोडमध्ये मुद्दाम विलंब घातले, सगळी प्रणाली संथ केली, म्हणजे फट रुंद झाली. आणि त्या संथ प्रणालीवर अलार्मचा मारा चालू ठेवला.

दोन्ही प्रोसेस एकदम वहीत लिहायला आल्या. अलार्म थांबले.

दुरुस्ती तयार झाली आणि ही प्रणाली वापरणाऱ्या कंपन्यांकडे गेली. फर्स्टएनर्जीकडची प्रणाली १९९५पासूनची होती. ती बदलून दुसऱ्या कंपनीची घ्यायची, हे १४ ऑगस्टच्या आधीच ठरलेलं होतं.